आधी त्याचं नाव विचारा

सप्टेंबर 2025 मध्ये आठवडाभर आपण सगळे नेपाळचे जाणकार झालो होतो. 4 तारखेला ओली सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूबसकट 26 ॲप्सवर बंदी घातली. 8 तारखेला कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. 9 तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसदेची इमारत पेटली. 12 तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. सत्तरहून जास्त जीव गेले. आपल्याकडे त्यावर रील्स झाले, ‘जेन झी काय करू शकते बघा’ असे स्टेटस पडले, पॉडकास्टवाल्यांनी तासातासाच्या चर्चा झोडल्या.

त्या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. ॲप बंद झालं म्हणून एखादा देश एवढा का पेटतो?

भ्रष्टाचार होता, बेकारी होती, पुढाऱ्यांच्या पोरांची श्रीमंती डोळ्यांत खुपत होती. हे सगळं खरं. पण आणखी एक गोष्ट होती. नेपाळच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश इतका पैसा बाहेर गेलेली माणसं घरी पाठवतात. ज्या घरातला बाप कतारला, भाऊ मलेशियाला आणि काका मुंबईकडे, त्या घराला व्हॉट्सॲप म्हणजे करमणूक नसते. घरातला कर्ता पुरुष त्या घराला फक्त त्या पडद्यावर दिसतो. ॲप बंद म्हणजे बाप बंद.

आणि त्या व्हिडीओ कॉलचं एक टोक आपल्याकडे आहे. ते आपल्या बिल्डिंगच्या जिन्याखाली आहे, चायनीजच्या गाडीमागे आहे आणि माझ्या भिवंडीत गोदामाच्या पत्र्याच्या केबिनमध्ये आहे. काठमांडू आपण मोबाइलवर पाहिलं. केबिनकडे बघितलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नेपाळहून इथे कामाला आलेल्या माणसाला आपण परकाही मानत नाही आणि आपलाही मानत नाही, कारण असं मधे लटकवून ठेवणं आपल्याला स्वस्त पडतं. ‘त्याच्याकडे कागद नाहीत, त्याला काय देणार’ हे जे वाक्य ठेकेदारापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे म्हणतात, ते खोटं आहे. कायदा या माणसाशी आपल्यापेक्षा बराच बरा वागतो. कद्रूपणा आपला आहे.

गोदामांची भिवंडी

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईचं कापड विणण्याचं काम मोठ्या प्रमाणावर इकडे आलं आणि हे शहर मागांनी भरून गेलं. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहराभोवती दुसरी भिवंडी उभी राहिली आहे. मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, कशेळी, वळ, राहनाळ, अंजूर. मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर, पण मुंबईच्या अगदी तोंडाशी असलेली ही गावं. जकात वाचवायला माल इथे उतरायला लागला. 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. जिथे आमच्या आजोबांनी भात लावला तिथे आता गाळ्यांच्या रांगा आहेत. तुम्ही रात्री अकरा वाजता मागवलेला चार्जर, बूट, पुस्तक, प्रोटीनचा डबा यांपैकी काहीतरी आमच्या गावावरून गेलेलं असतंच.

मी या पट्ट्यातल्या एका गावात राहतो. आमच्या नातेवाइकांत गाळ्याचं भाडं खाणारी बरीच घरं आहेत. म्हणजे मी जे लिहितोय ते लांबून लिहीत नाही. इथल्या कमाईची साखळी मला माहीत आहे. मागावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणाची माणसं. हमालीला अनेक ठिकाणची. टेम्पो आणि गाळे आमच्या लोकांचे. आणि रात्री शटर पडलं की काठी, टॉर्च आणि शिट्टी घेऊन जागा राहणारा बऱ्याच ठिकाणी नेपाळी. कोट्यवधींचा माल असलेल्या गाळ्याची किल्ली ज्याच्या खिशात असते, त्याचं नाव मालकाला माहीत नसतं. मालक त्याला बहादूर म्हणतो.

बहादूर नावाचा माणूस

‘बहादूर’ हे नेपाळमध्ये पुष्कळ पुरुषांच्या नावात मधे येतं, जसं आपल्याकडे नावाला ‘राव’ लागतं. उद्या दुबईत कुणी प्रत्येक मराठी माणसाला ‘ए राव’ म्हणून हाक मारायला लागला आणि वर म्हणाला की तुम्ही सगळे सारखेच दिसता, तर आपण काय करू? ट्रेंड चालवू. ‘कांछा’ म्हणजे नेपाळीत घरातला धाकटा मुलगा. आपण त्याचं ‘कांचा’ केलं, सिनेमातल्या खलनायकाला दिलं आणि नोकराला हाक मारायला वापरलं. ‘शाब जी’ म्हणत त्यांच्या उच्चारांची टिंगल करणं हे तर आपल्याकडचं पिढ्यान्‌पिढ्यांचं विनोदाचं भांडवल. आपली इंग्रजी कुणी परदेशात चिडवली की मात्र आपल्याला वर्णद्वेष दिसतो.

‘गुरखा’ या शब्दाचंही तेच. गोरखा हा नेपाळच्या मध्यातला एक जिल्हा आहे. ब्रिटिशांनी 1815 पासून नेपाळी डोंगरी माणसांना सैन्यात घ्यायला सुरुवात केली आणि मग ‘लढवय्या जमाती’ असं एक खूळ तयार केलं. मगर, गुरुंग, राई, लिंबू म्हणजे जन्मजात शूर, इमानी, कमी बोलणारे, हुकूम पाळणारे. मुंबई-ठाण्याकडे वॉचमनच्या कामाला येणारे अनेक जण मात्र नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडचे. अछाम, बझांग, बाजुरा, डोटी हे जिल्हे. तिथले बरेचसे लोक छेत्री, ठकुरी किंवा दलित, आणि घरी डोटेली किंवा अछामी बोलणारे. ज्यांना ब्रिटिशांनी प्रामुख्याने ‘लढवय्ये’ ठरवलं त्यांच्यात यांतले बरेच जण बसतही नाहीत. आपण मात्र दोनशे वर्षांपूर्वीचं गोऱ्या साहेबाचं लेबल अजून चिकटवतो आणि ‘गुरखा म्हणजे विश्वासू’ म्हणून त्याचं कौतुक करतो.

हे कौतुक मला शिवीपेक्षा जास्त खटकतं. कारण इमानदारी जन्मजात ठरवली की तिचा पगार द्यावा लागत नाही. रात्री दोन वाजता तो जागा असतो ते त्याच्या रक्तात आहे म्हणून, असं एकदा मान्य केलं की त्या जागरणाचा ओव्हरटाइम कुणी मागायचा?

उलट्या बाजूनेही गंमत बघा. नेपाळी ही 1992 पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, मराठीच्या रांगेत. दार्जिलिंगचा, सिक्कीमचा नेपाळी बोलणारा माणूस तुमच्याइतकाच भारतीय आहे. पण ठाण्याच्या रिक्षात तो ‘नेपाळी’, मणिपूरची मुलगीही ‘नेपाळी’, मिझोरामचा पोरगाही ‘नेपाळी’. एका देशाचं नाव आपण चेहऱ्यासाठी वापरतो आणि त्या देशातून खरोखर आलेल्या माणसाला नाव देत नाही.

दोन गुरखे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या देशात दोन प्रकारचे ‘गुरखे’ आहेत.

पहिला सैन्यातला. त्याच्यासाठी 1947 मध्ये भारत, ब्रिटन आणि नेपाळ या तीन सरकारांनी बसून करार केला. दहा गुरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. पगार, सुट्टी, धर्माचे रिवाज, पेन्शन सगळ्याचा विचार झाला. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी बहुतेकांना घरी पाठवणार हे कळलं, तेव्हा नेपाळ सरकारने भरती थांबवली. चार वर्षांनंतर आमच्या पोरांचं काय, हा प्रश्न एका सरकारने दुसऱ्या सरकारला विचारला.

दुसरा गोदामातला. त्याच्यासाठी कुणी कुणाला काही विचारत नाही. चार वर्षांनंतर काय, हा प्रश्न लांबच राहिला. उद्या सकाळी ठेकेदार म्हणाला ‘नको येऊ’, तर त्याचं काय हेही कुणी विचारत नाही.

यात नेपाळ सरकारही धुतल्या तांदळासारखं नाही. त्यांचा 2007 चा वैदेशिक रोजगार कायदा आहे. कतार, सौदी, मलेशियाला जायचं तर श्रम परवाना लागतो, विमा लागतो, कल्याण निधीत पैसे भरावे लागतात. भारतात यायला यातलं काहीच लागत नाही. नेपाळच्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 19 लाख माणसं देशाबाहेर होती आणि त्यातली सात लाखांहून अधिक भारतात. जो सर्वांत गरीब, ज्याच्याकडे दलालाला द्यायला पैसे नाहीत, तो आखातात जात नाही. तो बस पकडून सीमा ओलांडतो आणि आपल्याकडे येतो. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज जास्त, तोच दोन्ही सरकारांच्या हिशेबाबाहेर. भारतात यायला नेपाळीत जुना शब्द आहे, ‘मुगलान’ला जाणं. मोगलांचा मुलूख. मोगल जाऊन किती काळ लोटला, तरी ती वाट तशीच सुरू आहे.

आमच्या बाजूच्या गाळ्यावरचा वॉचमन अछामचा आहे. त्याचा बाप मुंबईत वॉचमन होता, आजाही काही वर्षं इकडे होता. त्याला बारा तासांची ड्युटी, महिन्याला तेरा हजार रोख, आणि झोपायला तीच केबिन. ‘सुट्टी कधी असते?’ असं विचारल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘गावाला जातो तेव्हा.’ गाव म्हणजे कल्याणहून रेल्वे, मग बरेलीहून बनबसा, तिथून पायी किंवा टांग्याने सीमा, पुढे महेंद्रनगर आणि मग डोंगरातली बस. वर्षा-दीड वर्षातून एकदा. त्या सुट्टीचा पगार नाही. परत आल्यावर तीच नोकरी मिळेल याची खात्री नाही.

‘कागद नाहीत’

आता ते वाक्य. ‘नेपाळी आहे, त्याचे कागद नाहीत, पीएफ-बीएफ कसलं?’

एक एक घेऊ.

31 जुलै 1950 ला काठमांडूत भारत-नेपाळ मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहणं, मालमत्ता घेणं, व्यापार करणं, फिरणं याची मुभा आहे. व्हिसा नाही, पासपोर्टही लागत नाही. म्हणजे आपल्या केबिनमधला माणूस घुसखोर नाही. आपल्याच सरकारने सही केलेल्या कागदावर तो आलेला आहे. आणि त्या कराराचा फायदा एकट्या नेपाळ्यांना नाही. नेपाळच्या तराईत आणि काठमांडूत बिहारचे गवंडी, न्हावी, भाजीवाले वर्षानुवर्षं धंदा करताहेत.

पुढे. भविष्य निर्वाह निधी. परदेशी कामगारांसाठी पीएफचे वेगळे नियम आहेत. पण त्याच नियमांत लिहिलंय की 1950 च्या करारामुळे नेपाळी नागरिकाला भारतीय कामगारच समजायचं. परत वाचा. भारतीय कामगारच समजायचं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू, मग त्यातला माणूस अछामचा असो की अलिबागचा. आधारवरून खातं काढण्याची अडचण येऊ नये म्हणून पीएफ कार्यालयाने नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांसाठी वेगळी वाटही ठेवली आहे.

राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय. कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या ‘पगारावर काम करणारी व्यक्ती’ अशी सुरू होते. नागरिकत्वाची अट नाही. दहा माणसांच्या आस्थापनेत महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्याला लागू. गोदामात पेटी अंगावर पडली, ट्रेलर मागे येताना पाय चिरडला, तर भरपाई देण्याच्या कायद्यातही ‘भारतीय’ हा शब्द आडवा येत नाही. किमान वेतनाचंही तेच. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. इतकंच काय, महाराष्ट्राने 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं उभी राहिली. माथाडींच्या धर्तीवरची ही कल्पना देशात फार कमी राज्यांना सुचली. आपल्याला सुचली. मग एजन्सींना त्यातून सूट देण्याची वाटही आपणच ठेवली.

त्याच्या पोरांचं बघा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा ‘6 ते 14 वर्षांचं प्रत्येक मूल’ म्हणतो. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आमच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेपाळी मुलं आहेत, वर्गात मराठी कविता म्हणतात, पटसंख्या टिकवायला गुरुजींना त्यांची मदतच होते. या मुलांचं मराठी आपल्या इंग्रजी शाळेतल्या भाच्यांपेक्षा चांगलं आहे, हे मी पैजेवर सांगतो.

आणि कागद? नेपाळी माणसाकडे ‘नागरिकता’ नावाचं प्रमाणपत्र असतं. सोळा वर्षांनंतर मिळतं. केबिनमधल्या पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं असतं. ते बघायला कुणी मागत नाही. कारण बघितलं की नाव लिहावं लागेल, नाव लिहिलं की मस्टर ठेवावं लागेल, मस्टर ठेवलं की पीएफ भरावा लागेल.

म्हणजे कागद त्याच्याकडे आहेत. नाहीत ते मालकाकडे.

कायद्यात भोकं नाहीत असं मी म्हणत नाही. स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदा घ्या किंवा आताची कामगार संहिता घ्या, स्थलांतरित म्हणजे ‘एका राज्यातून दुसऱ्या राज्यात’ आलेला. नेपाळ हे राज्य नाही, म्हणून तो त्यात नाही. या भोकाची किंमत 2020 मध्ये दिसली. 2 मेच्या रात्री भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी एक. गोरखपूर म्हणजे नेपाळच्या सोनौली नाक्याच्या जवळचं मोठं स्टेशन. पण गाडीसाठी पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या राज्यांनी एकमेकांना होकार द्यायचा होता. नेपाळी माणसाच्या वतीने होकार कोण देणार? नेपाळने तर मार्चमध्येच सीमा बंद केली होती. त्याच मार्चच्या अखेरीस धारचुला भागात अडकलेल्या काही नेपाळी तरुणांनी महाकाली नदीत उड्या टाकल्या आणि पोहून आपला देश गाठला. वर झुलता पूल होता. त्याला कुलूप होतं.

याहून जुनी आणि काळी गोष्टही आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर धाडी पडल्या, शेकडो मुली सोडवल्या, त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. नेपाळ सरकारने त्यांना परत घ्यायला खळखळ केली, कारण त्या नेपाळच्याच हे सिद्ध करणारे कागद त्यांच्याकडे नव्हते. महिनोन्‌महिने त्या मुली आपल्याकडच्या सुधारगृहांत राहिल्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक जणींना घरी नेलं. विकताना कुणी कागद विचारले नव्हते. घरी जाताना विचारले.

मला काय सुनावतात

हे बोललो की आमच्याकडे तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: ‘चोऱ्या कोण करतं? पेपर वाचत नाहीस का?’ वाचतो. ‘नेपाळी नोकराने दागिने लांबवले’ हा मथळा वाचतो आणि काही चोऱ्या खऱ्या असतात हेही मानतो. पण मराठी माणसाने बँक बुडवली तर मथळ्यात ‘मराठी’ येत नाही, तिथे आडनाव येतं. आणि खरं दुखणं वेगळंच आहे. ज्याची नोंद तुम्ही ठेवत नाही, ज्याला रोखीत पगार देता, ज्याला मस्टरवर ‘बहादूर 1, बहादूर 2’ लिहिता, तो पळाला तर पोलिसांना तुम्ही काय देणार? टोपणनाव? पीएफ वाचवायला माणूस अदृश्य ठेवायचा आणि मग तो दिसत नाही म्हणून ओरडायचं. त्याचं नाव, नागरिकतेची प्रत, बँकेतला पगार, पडताळणी हे सगळं त्याच्या हक्काचं आहे आणि तुमच्या तिजोरीच्या भल्याचंही आहे.

दुसरं: ‘आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुला नेपाळ्यांचं पडलंय?’ हे उत्तर मी गंभीरपणे घेतो, कारण आमच्या गावात ग्रॅज्युएट होऊन गाळ्याच्या बाहेर बाइकवर बसलेली पोरं आहेत. पण मालक स्थानिक पोराला का घेत नाही? स्थानिक पोरगा आठ तासांनंतर घरी जातो, सुट्टी मागतो, गणपतीला येत नाही, मागे चार माणसं उभी करतो. केबिनमधला चोवीस तास तिथेच असतो आणि त्याच्या मागे कुणी नाही. त्याला बारा तासांचा कायदेशीर पगार, ओव्हरटाइमला दुप्पट दर, पीएफ आणि आठवड्याची सुट्टी द्यायला लावा, मग बघा तो ‘स्वस्त’ राहतो का. स्थानिक पोराची नोकरी नेपाळी माणसाने खाल्लेली नाही. ती मालकाने बेहिशेबी मजुरीतून वाचवलेल्या पैशांनी खाल्ली आहे. ज्याला खरोखर भूमिपुत्रांची काळजी आहे त्याने नेपाळी वॉचमनच्या पीएफसाठी पहिला मोर्चा काढावा. काढणार नाहीत, कारण गाळे आपलेच आहेत. आणि नेपाळी माणसाला इथे मत नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने उभं राहून कुणाचं पॅनेल निवडून येत नाही.

तिसरं उत्तर सर्वांत गोड असतं: ‘आम्ही त्याला घरच्यासारखं वागवतो. दिवाळीला कपडे देतो, जेवण देतो.’ जेवण द्या, छानच आहे. पण घरच्यासारखं हा शब्द मला जरा तपासायचा आहे. घरच्याचं नाव आपल्याला माहीत असतं. घरचा आजारी पडला तर आपण त्याला दवाखान्यात नेतो, बदली माणूस शोधत नाही. ईएसआयचं कार्ड असतं तर त्याला तुमच्या चांगुलपणाची वाट बघावी लागली नसती. दिवाळीचा शर्ट मालकाच्या मर्जीवर असतो. पीएफ मर्जीवर नसतो, म्हणूनच तो द्यायला जिवावर येतं.

याला जोडून एक आरसा. त्याच सप्टेंबर 2025 मध्ये, 19 तारखेला, अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केलं. मराठी फॅमिली ग्रुप्सवर केवढा हलकल्लोळ झाला! आमची मुलं तिकडे कर भरतात, नियम पाळतात, त्यांच्या कंपन्या उभ्या करतात, आणि त्यांना असं टांगून ठेवतात? रास्त राग होता. मला फक्त एवढंच विचारायचंय की तो राग आपल्या बिल्डिंगच्या गेटपाशी येऊन का विरतो? कोकणातली घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर सोनं गाळायला भारतभर पांगले आणि परक्या शहरांतल्या गल्ल्यांत संसार मांडले. बाहेर जाऊन पोट भरणं म्हणजे काय, हे ज्या समाजाला शिकवावं लागू नये, त्यात आपला नंबर फार वरचा आहे.

मग करायचं काय

तुमच्याकडे गाळा नसेल. पण तुमची सोसायटी आहे. तिच्या वार्षिक सभेत सुरक्षा एजन्सीच्या बिलावर पाच मिनिटं चर्चा होते आणि सगळ्यांत कमी दराचं कोटेशन मंजूर होतं. पुढच्या सभेत एक प्रश्न विचारा: एजन्सीने गेल्या महिन्याचं पीएफ आणि ईएसआय भरल्याचं चलन दाखवावं, त्यात आपल्या गेटवरच्या प्रत्येकाचं नाव आहे का? एवढाच प्रश्न. सेक्रेटरी चिडेल. मेंटेनन्स घरटी थोडा वाढेल. तो वाढू द्या. आजवर तो फरक गेटवरचा माणूस आपल्या झोपेतून भरत होता.

तुम्ही गोदामात, लॉजिस्टिक्समध्ये, ई-कॉमर्समध्ये नोकरी करत असाल, तर तुमच्या कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘सामाजिक जबाबदारी’चं गुळगुळीत पान असतं. भिवंडीतल्या ठेक्याच्या वॉचमनची हजेरी कोण ठेवतं, हे एच-आरला लेखी विचारा. लेखी प्रश्नाला फाइल करावी लागते.

मागण्या सरकारकडेही आहेत. सुरक्षा रक्षक कायद्यातल्या सवलतींची तपासणी करा आणि गोदामांच्या पट्ट्यात ती खरोखर करा. स्थलांतरिताच्या व्याख्येत नेपाळचा उल्लेख घाला. भिवंडीसारख्या ठिकाणी एक मदत खिडकी उघडा, जिथे नेपाळी कामगार नागरिकता दाखवून नोंद करू शकेल आणि बुडालेल्या पगाराची तक्रार करू शकेल. 1950 च्या करारावर अधूनमधून दिल्ली आणि काठमांडूत चर्चा होते. सीमा, पाणी, सुरक्षा सगळं टेबलावर येतं. या माणसाचा पगारही एकदा येऊ द्या.

आणि हे सगळं होईपर्यंत, आज रात्री करता येण्यासारखं एक काम आहे. गेटवरच्या माणसाला त्याचं नाव विचारा. पूर्ण नाव, मग जिल्हा. वयाने मोठा असेल तर दाजू म्हणा, आपल्या दादासारखंच आहे ते. मग विचारा, पगार बँकेत येतो की हातात, पीएफ कापतात का, पावती मिळते का. तो आधी घाबरेल, कारण आजवर ज्याने ज्याने त्याचं नाव विचारलं, त्याने ते संशयानेच विचारलं होतं.